मूडप्रमाणे गाणी लावायची, तर टॅग किती आणि कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या कॅसेट आणि सीडी तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. जुनी हिंदी सिनेमाची गाणी, नाट्यपदं, अभंग, भावगीतं, ख्याल, थोड्या गझला, आणि त्यात तुमचं स्वतःचं कॉलेजच्या काळातलं सगळं. मिळून अठरा हजारांच्या आसपास फायली. मूडप्रमाणे गाणी लावता यावीत म्हणून तुम्ही टॅग, म्हणजे प्रत्येक फायलीला जोडलेली माहितीची चिठ्ठी, द्यायला घेतले, दोन-अडीच हजारांपर्यंत आलात, आणि आता मूडच्या रकान्यात साठाहून जास्त शब्द झालेत: उदास, दुःखी, विरह, हळवं, कातर, सॅड, सॅड-स्लो. कॉम्प्युटरवरचे टॅग फोनवर दिसत नाहीत ते वेगळंच. आणि ज्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, म्हणजे संध्याकाळी आईला 'बरं वाटेल असं काहीतरी' लावून देणं, तेच जमत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, यासाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

सॉफ्टवेअरचं पुढे सांगतोच, पण ते बदलून तुमचा प्रश्न सुटणार नाही. मी इंदूरला घरगुती संग्रह लावून देण्याचं काम करतो. रामबाग, लोकमान्य नगर अशा भागांतल्या मराठी घरांत स्पूल, कॅसेट, तबकड्या यांचे गठ्ठे असतात. ते उतरवून घ्यायचे, नावं लावायची, आणि घरातल्या माणसांना हवं ते हवं तेव्हा सापडेल असं करून द्यायचं. मूडचा विषय प्रत्येक घरात निघतो आणि बहुतेक घरांत एकाच जागी अडतो: एकाच रकान्याला तीन प्रश्न विचारलेले असतात. गाण्यात भाव कुठला आहे, गाणं किती जोरकस आहे, आणि मी ते कधी लावीन. तिन्हींची उत्तरं एका शब्दात मावत नाहीत, म्हणून शब्द वाढत जातात.

एक उदाहरण घ्या. जुन्या सिनेमातलं एखादं गाणं असतं, शब्द सगळे ताटातुटीचे, पण ठेका केरव्याचा, मागे अ‍ॅकॉर्डियन खेळतंय, आणि घरात चार पाहुणे जमले की सगळे मिळून तेच म्हणतात. शब्द वाचून तुम्ही त्याला 'दुःखी' टॅग दिलात की ते गाणं जिथे लावलं जातं त्या सगळ्या याद्यांतून बाहेर पडलं. उलट एखादा अभंग आनंदाचा असतो, पण चाल अशी संथ की तो प्रवासात लावला तर गाडी चालवणाऱ्याला पेंग येईल. शब्दांतला भाव आणि ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅगमध्ये परिणाम लिहायचा, हे माझ्या कामाचं पहिलं सूत्र आहे. टॅग देताना मी स्वतःला विचारतो, हे गाणं आत्ता लागलं तर खोलीतली माणसं काय करतील? गप्पा चालू ठेवतील, गप्प बसतील, गुणगुणायला लागतील, की कोणी उठून आवाज कमी करेल? याचं उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं. 'या गाण्याचा मूड कुठला' याचं मात्र मिळत नाही.

मूडला शब्दांत पकडण्याचे प्रयत्न जुने आहेत. केट हेवनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३६ मध्ये संगीताला लावली जाणारी विशेषणं आठ गटांत वर्तुळाकार मांडली होती. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या: एक सुखद ते असुखद, दुसरा शांत ते उत्तेजित. आपल्या कामाला यातली दुसरी मांडणी फार उपयोगी पडते. घरातल्या चार जणांना बसवून गाणं ऐकवलं, तर ते जोरकस की संथ यावर क्षणात एकमत होतं. भावावर होत नाही. म्हणून जे नक्की सांगता येतं ते वेगळ्या रकान्यात टाकायचं, आणि जे माणसागणिक बदलतं त्याला कमीत कमी शब्द द्यायचे.

तर रकाने तीन. पहिला 'जोर', किंमत १, २ किंवा ३. पाचाची मोजपट्टी करू नका, तिच्यात २ आणि ३ मधला फरक ठरवण्यात वेळ जातो आणि महिन्याभरानं तुमचंच मत बदलतं. १ म्हणजे मागे लावून वाचता येईल असं, ३ म्हणजे ज्यावर पाय हलतो असं, उरलेलं सगळं २. दुसरा रकाना 'मूड', शब्द ठरलेले, सात-आठच्या वर नाहीत. तिसरा 'वेळ', म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि हवे असतील तर प्रवास, पाहुणे, स्वयंपाक असे प्रसंग. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालतो. निम्म्या गाण्यांना वेळ नसतेच.

मूडचे शब्द कुठले, हे घरावर अवलंबून आहे. मी साधारण या सातांपासून सुरुवात करतो: प्रसन्न, निवांत, हळवं, व्याकूळ, गंभीर, उत्साही, खट्याळ. यातल्या हळवं आणि व्याकूळ या जोडीवर लोक अडखळतात, म्हणून त्यांची रेघ स्पष्ट सांगतो. हळवं गाणं लागलं की हातातलं काम चालू राहतं, भाजी निवडता निवडता मन कुठेतरी जाऊन येतं. व्याकूळ गाणं लागलं की हात थांबतो. आईसाठी यादी करताना हाच फरक सगळ्यांत महत्त्वाचा ठरेल. तुमच्या साठ शब्दांतले उदास, दुःखी, विरह, कातर, सॅड हे सगळे या दोघांत वाटले जातील, आणि वाटताना तुमच्या लक्षात येईल की 'उदास'मधली निम्मी गाणी खरं तर निवांत आहेत.

'रोमँटिक' मी घेत नाही. प्रेम हा गाण्याचा विषय आहे, आणि प्रेमाची गाणी प्रसन्न असतात, खट्याळ असतात, व्याकूळही असतात. सिनेसंगीताच्या संग्रहात हा टॅग निम्म्याहून जास्त फायलींना लागतो, आणि जो टॅग निम्म्यांना लागतो त्यानं काही निवडता येत नाही. 'भक्ती'चंही तसंच. अभंग, भजन, आरती हे प्रकार आहेत, ते जॉनरच्या रकान्यात जाऊ द्या. मूड विचारताना त्या गाण्याकडे पुन्हा कोऱ्या मनानं बघायचं. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं घ्या. ते १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले, आमच्या इंदूरपासून देवास तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे माळव्यातल्या मराठी घरात त्यांचं ध्वनिमुद्रण नाही असं सहसा होत नाही. ती सगळी एका 'भक्ती'खाली टाकली तर एक सरळ निवांत, दुसरं अंगावर येणारं, अशी एकामागून एक लागतात आणि ऐकणारा गोंधळतो. मी त्यांना 'गंभीर' किंवा 'निवांत' यांपैकी एक देतो, काहींना दोन्ही. एका गाण्याला दोन मूड चालतील, तीन नकोत.

काही जण नवरस वापरायचे म्हणतात. कल्पना आपली, जुनी आणि सुंदर आहे. भरतानं आठ रस सांगितले, नववा शांत रस पुढे प्रतिष्ठा पावला. पण ती विभागणी रंगभूमीसाठी होती. घरच्या संग्रहात बीभत्स आणि भयानक हे रकाने रिकामे राहतात आणि शृंगाराखाली हजारो गाणी साचतात. शब्द घ्यायचेच असतील तर शांत, करुण, वीर हे तीन उचला, बाकीचे राहू द्या.

आता शास्त्रीय संगीत, कारण तिथे तुमचं बरंचसं काम परंपरेनं आधीच करून ठेवलंय. रागाला वेळ आहे. म्हणून ख्यालाच्या फायलींना मूडआधी 'राग' हा रकाना भरा, आणि मग वेळ गठ्ठ्यानं लावा. भैरव, तोडी सकाळ. सारंगाचे प्रकार दुपार. भीमपलास, मुलतानी तिसरा प्रहर. मारवा, पूरिया, श्री सूर्यास्ताचे. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. बागेश्री, मालकंस, दरबारी उशिराच्या रात्रीचे. राग 'यमन' असलेल्या सगळ्या फायली गाळून घेतल्या, एकदम निवडल्या आणि वेळ भरली की शेकडो फायली मिनिटात होतात. मल्हाराच्या प्रकारांना 'पावसाळा' असा ऋतू द्या, जुलैत त्याचे उपकार वाटतील. हे सिनेमाच्या गाण्यांना मात्र करू नका. यमनावर बांधलेलं सिनेमातलं गाणं सकाळी नऊला लागलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

ख्यालात दुसरी अडचण असते, ती म्हणजे एका फायलीत मूड बदलतो. उस्ताद अमीर खाँसाहेब (१९१२–१९७४) आमच्या इंदूर घराण्याचे, झुमरा तालातला त्यांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल म्हणजे काळ थांबल्यासारखा, आणि पुढे द्रुतात, म्हणजे जलद लयीत, तराणा आला की तोच गायक वेगळ्या उंचीवर असतो. अशा सलग ध्वनिमुद्रणाला कुठला टॅग द्यायचा? फाइल कापावी असं मला वाटत नाही. विलंबितातून द्रुतात जाणं हाच तर त्या गाण्याचा जीव आहे. मी पहिल्या दहा मिनिटांचा मूड लिहितो, कारण माणूस गाणं निवडतो ते तिथून ऐकण्यासाठी. मारवा असेल तर वेळ संध्याकाळ, जोर १, मूड गंभीर. मारव्यात एक अस्वस्थपणा आहे आणि काही घरांत त्याला व्याकूळ म्हणतील. तुमच्या घरात तो कसा ऐकला जातो ते तुम्ही ठरवा. सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतील तर प्रश्नच नाही, दोघांना वेगळे टॅग द्या. आणि याद्यांमध्ये लांबीची अट घाला: तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरच्या गाण्यांत पन्नास मिनिटांचा ख्याल मिसळला की यादी तिथेच संपते. मी दहा मिनिटांपेक्षा लांब असलेलं सगळं वेगळ्या यादीत ठेवतो.

आता टॅग लिहायचे कुठे. बरेच प्लेयर तुमचे तारे आणि शेरे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. कॉम्प्युटर बदलला, प्लेयर बदलला, की गेले. मूडचा टॅग फाइलच्या आतच लिहिला गेला पाहिजे, आणि शक्यतो प्रमाणित नावानं. एमपीथ्रीमध्ये टॅगची जी पद्धत आहे, आयडीथ्री, तिच्या २००० साली आलेल्या २.४ आवृत्तीत मूडसाठी स्वतंत्र जागा आहे. त्याआधीच्या २.३ मध्ये ती नव्हती, पण दोन्हींत स्वतःचे रकाने बनवायची सोय आहे, तिथे 'जोर', 'वेळ', 'राग' जातील. फ्लॅक आणि ऑग या ध्वनिफायलींच्या दुसऱ्या प्रकारांमध्ये हवं ते नाव देऊन हवा तो रकाना बनवता येतो, एकाच नावाचे दोन रकानेही चालतात, म्हणून कॅसेटवरून उतरवलेलं सगळं मी फ्लॅकमध्ये ठेवतो. तुमच्या फायली वेव्ह असतील तर टॅगचं काम सुरू करण्याआधी फ्लॅक करून घ्या. आवाजात काडीचा फरक पडत नाही, जागा बरीच वाचते, आणि वेव्हमध्ये टॅग नीट टिकण्याची खात्री नसते.

सॉफ्टवेअर: विंडोजवर टॅग भरायला एमपीथ्रीटॅग, ऐकायला आणि याद्या करायला फूबार२००० किंवा म्युझिकबी. मॅक किंवा लिनक्सवर टॅगसाठी किड३. म्युझिकबीत स्वतःचा रकाना बनवताना तो फाइलमध्ये लिहिला जाईल ना, हे सेटिंगमध्ये एकदा तपासा. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे नाव-अल्बम-वर्ष भरायला उत्तम आहे, पण ते मूडच्या कामाआधी वापरून मोकळे व्हा. त्यात आधीचे टॅग पुसून नवे लिहिण्याचा पर्याय असतो. तो चालू राहिला तर तुमची मेहनत जाईल. अ‍ॅपलचं म्युझिक अ‍ॅप वापरत असाल तर मूडचा वेगळा रकाना तिथे दिसत नाही. तेच शब्द 'ग्रुपिंग' किंवा 'कमेंट्स'मध्ये टाका, स्मार्ट प्लेलिस्टला ते वाचता येतात.

फोनवर टॅग दिसत नाहीत याचं कारण एवढंच, की फोनवरचे बहुतेक प्लेयर कलाकार, अल्बम, जॉनर यांपलीकडे पाहत नाहीत. यावर लोक मूड जॉनरमध्ये कोंबतात. ते करू नका, नाट्यपद आणि निवांत हे एकाच यादीत आले की दोन्ही निकामी होतात. कॉम्प्युटरवर टॅगवरून याद्या तयार करा, त्या एमथ्रीयू८ (गाण्यांच्या यादीची साधी मजकुराची फाइल) म्हणून काढा, आणि गाण्यांबरोबर फोनवर टाका. यादीत गाण्याचा पत्ता सापेक्ष ठेवा, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर त्यात येणार नाही. तसं केलं की फोनवरही ती उघडते. टॅग कॉम्प्युटरचे, याद्या फोनच्या, अशी वाटणी मनाशी पक्की केली की बरीच कटकट मिटते.

टॅग देवनागरीत लिहावेत का, हेही तुम्ही विचारलंय. जरूर लिहा. माझे सगळे देवनागरीतच आहेत, कारण 'हळवं'ला माझ्याकडे इंग्रजी शब्द नाही. फक्त शुद्धलेखन एकच हवं. हळवं, हळवे, हळवा हे कॉम्प्युटरला तीन मूड आहेत, आणि शांत नि शान्त हे दोन. शब्दांची यादी एका मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा आणि दर वेळी तिथूनच चिकटवा. कारच्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसण्याचा संभव असतो, म्हणून याद्यांच्या फायलींना मात्र रोमन अक्षरांत नावं द्या.

इथवरचं थोडक्यात: जोर, मूड, वेळ असे तीन रकाने, ख्यालाला राग हा चौथा, मूडला सात-आठ ठरलेले शब्द, सगळं फाइलच्या आत, फोनसाठी याद्या.

आता अठरा हजार फायलींचं काय. बसून भरू नका. रात्री दोन तास बसून दोनशे गाण्यांची पहिली वीस सेकंदं ऐकत टॅग दिले, तर शेवटची शंभर सगळी 'निवांत' होतात, कारण तोवर तुम्ही दमलेले असता. ऐकता ऐकता भरा. फूबारमध्ये क्विक टॅगर नावाचा जोड आहे, त्यानं 'जोर १' किंवा 'हळवं' कीबोर्डच्या एकेका बटणाला जोडता येतं. गाणं चालू असताना एक बटण दाबलं की झालं. जोडीला एक आपोआप भरणारी यादी करा: ज्यांचा मूड रिकामा आहे ती गाणी, उलटसुलट क्रमानं. रोज स्वयंपाक करताना, कपडे इस्त्री करताना हीच यादी लावा. जी गाणी कधीच लावली जात नाहीत, त्यांना टॅग मिळाला नाही तर काही अडत नाही. माझ्या अनुभवात कुठल्याही घरात नेहमी ऐकली जाणारी गाणी काही शेकड्यांतच असतात, आणि ती झाली की संग्रह वापरण्याजोगा होतो.

तुमचे आधीचे टॅग पुसू नका. मूडचा रकाना आहे तसा 'जुना मूड' या नव्या रकान्यात नकलून घ्या, मग एमपीथ्रीटॅगमध्ये एकेक जुना शब्द गाळून त्याचं नवं रूप गठ्ठ्यानं लिहा. सॅड, सॅड-स्लो, दुःखी हे आधी सरळ 'व्याकूळ' करा आणि ऐकताना ज्यांना हळवं म्हणावंसं वाटेल त्यांना बदलत जा.

मूड आपोआप ओळखणारी साधनं वापरू का, असा प्रश्न यावर नेहमी येतो. जोर ओळखायला ती बऱ्यापैकी उपयोगी आहेत, भावाला नाहीत. ती ज्या गाण्यांवर तयार झाली त्यात आपलं संगीत फार थोडं असतं. तानपुऱ्यावर चाललेला संथ आलाप त्यांना दुःखी वाटतो. म्युझिकब्रेन्झशी जोडलेला अकूस्टिकब्रेन्झ हा असाच मोठा खुला प्रकल्प होता, लोकांच्या फायलींचं विश्लेषण गोळा करून मूडसुद्धा सांगणारा. निकालांचा दर्जा पुरेसा नाही म्हणून चालवणाऱ्यांनीच २०२२ मध्ये नवी माहिती घेणं थांबवलं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं: आवाजाची पातळी. पन्नासच्या दशकातल्या तबकडीवरून आलेलं निवांत गाणं आणि त्यानंतर दोन हजार दहा सालचं निवांत गाणं लागलं की दुसरं अंगावर धावून येतं, आणि मूड तिथेच मोडतो. रिप्लेगेन नावाची सोय फूबार आणि म्युझिकबी दोन्हींत आहे. ती प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी मोजून टॅगमध्ये लिहिते आणि वाजवताना सगळी एका पातळीवर आणते, मूळ आवाजाला हात लावत नाही. सगळ्या संग्रहावर एका रात्रीत चालवून टाका. मूडच्या याद्यांसाठी 'ट्रॅक'ची पातळी निवडा, 'अल्बम'ची नको.

आता तुमच्या वडिलांच्या कॅसेटबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली ओळ तीच होती. तुम्ही लिहिलंय की त्यांतल्या बऱ्याच कॅसेट दुकानातून आवडीची गाणी भरून घेतलेल्या, कोऱ्या कॅसेटवर, आणि आतल्या कार्डावर त्यांच्या अक्षरात यादी आहे. उतरवून घेतल्यावर तुम्ही ती गाणी सुटी करून सिनेमांच्या फोल्डरमध्ये टाकलीत. ती कार्डं फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक कॅसेटची प्रत्येक बाजू एक यादी म्हणून त्याच क्रमानं परत उभी करा. त्या काळी दुकानात चिठ्ठी देऊन गाणी भरून घेताना माणूस विचार करत असे: कशानं सुरुवात करायची, कशामागे काय, बाजू संपताना काय. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे आठ-नऊ गाणी. वडिलांनी केलेल्या मूडच्या याद्या तुमच्या घरात तयार पडल्या आहेत. कुठलंही गाणं हळवं की निवांत याबद्दल शंका आली, तर ते त्यांनी कुणाच्या शेजारी ठेवलंय ते बघा. 'बाबा' असा एक रकाना करून त्यात कॅसेटचा क्रमांक आणि बाजू लिहा. मी तरी हा रकाना मूडच्याही आधी भरीन, कारण मूड पुढच्या वर्षीही ठरवता येईल, पण कार्डावरची शाई फिकी पडत जाते.

जिथे घरात माणूस गेलेलं असतं तिथे मी आणखी एक टॅग सुचवतो: 'टाळा'. काही गाणी आईला नको असतील, निदान सध्या. कुठली, हे शब्दांवरून कळत नाही. एखादं अगदी हसरं गाणंही असू शकतं, जे ते दोघं प्रवासात लावत. ती गाणी पुसायची नाहीत, संग्रहातच राहू द्यायची, फक्त आपोआप होणाऱ्या प्रत्येक यादीत 'टाळा असलेलं नको' ही अट घालायची. दोन वर्षांनी आईनंच एखादं मागितलं तर टॅग काढून टाकायचा.

मग आईची संध्याकाळची यादी अशी बनते: मूड प्रसन्न किंवा निवांत, जोर १ किंवा २, लांबी दहा मिनिटांच्या आत, 'टाळा' नाही, गेल्या महिन्यात वाजलेलं नाही, आणि एकूण अर्धा तास. अर्धा तास मुद्दाम म्हणतो, कॅसेटच्या एका बाजूइतका. त्या पिढीला तेवढं ऐकून उठायची सवय आहे, आणि यादी संपली की 'अजून लाव' म्हणता येतं, जे न संपणाऱ्या यादीत होत नाही. विविध भारतीवर रात्री लागणारं छायागीत ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही: निवेदक एक भाव धरतो, थोडकी गाणी लावतो आणि थांबतो. हळवं या यादीत सुरुवातीला घालू नका. महिनाभर यादी चालली की शेवटच्या दोन जागांसाठी घालून बघा.

टॅग बदलले की फायलींची तारीख बदलते, त्यामुळे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर त्या सगळ्या फायली पुन्हा नकलायला घेतं. अठरा हजार फायलींना रिप्लेगेन लावल्यावर हे होणारच, तेव्हा घाबरू नका, रात्रभर चालू द्या. काम सुरू करण्याआधीच्या स्थितीची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर काढून कपाटात ठेवा आणि तिला हात लावू नका. आणि महिन्यातून एकदा एमपीथ्रीटॅगमधून सगळ्या टॅगांचा तक्ता सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढा. ती फार छोटी असते, स्वतःला मेल करून ठेवता येते, आणि फायलींची नावं तीच राहिली असतील तर त्यावरून सगळे टॅग परत भरता येतात.

आई ऐकत असताना एखादं गाणं दोन-तीनदा पुढे ढकलते आहे असं दिसलं, तर तिला कारण विचारू नका, त्याचा मूड बदला. आणि वेव्ह ते फ्लॅक करताना कॅसेटच्या दोन बाजू एकाच फायलीत असतील तर आधी सांगा, त्या कशा विभागायच्या ते क्यू शीटसकट, म्हणजे कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते सांगणाऱ्या छोट्या फायलीसकट, लिहून देतो.